स्वयंपाक्याचा पोरगा

बियाणे, खते आणि बोंडअळी यांवर लिहिणाऱ्या माणसाने सिनेमात मारामाऱ्या करणाऱ्या एका नटावर लिहायला घ्यावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या घरीही वाटले. पण गेली तीस वर्षे बीड जिल्ह्यात गावोगाव फिरताना दोन परदेशी माणसे मला वारंवार भेटत आली आहेत. पहिला ब्रूस ली. तो केशकर्तनालयाच्या भिंतीवर, उघड्या अंगाने, डोळे रोखून उभा असतो. दुसरा जॅकी चॅन. तो रविवारी दुपारी टीव्हीवर हिंदीत बोलतो, आणि आता पोरांच्या हातातल्या मोबाइलमध्येही उड्या मारताना दिसतो. ब्रूस लीकडे आपण देव्हाऱ्यातल्या मूर्तीकडे पाहावे तसे पाहतो. जॅकी चॅन मात्र घरातला वाटतो. तो मार खातो, पळतो, पडतो, ठेच लागली की पाय धरून नाचतो आणि पुन्हा उठतो.

मी त्याला पहिल्यांदा पाहिले ते परभणीला बी.एस्सी. अ‍ॅग्री. करीत असताना. आम्ही पोरे वर्गणी काढून भाड्याने व्हीसीआर आणीत असू आणि रात्रभरात तीन-तीन सिनेमे पाहून सकाळी मृदशास्त्राच्या तासाला पेंगत असू. त्या सिनेमांतले इंग्रजी नटांच्या ओठांशी जुळत नसे आणि आम्हालाही ते धड कळत नसे. तरीही एकाला काही समजले नाही असे कधी झाले नाही. पडणे, धडपडणे, भूक आणि मार यांना भाषा लागत नाही.

पुढे आमच्या मुलीने तालुक्याच्या वाचनालयातून त्याचे आत्मचरित्र आणून दिले. ते वाचले आणि मग मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा हाती आलेली गोष्ट सिनेमाची कमी आणि घरादाराची जास्त निघाली. आमच्या जिल्ह्यात ती ओळखीची वाटावी अशीच आहे, म्हणून सांगतो.

जॅकी चॅनचा जन्म ७ एप्रिल १९५४ रोजी हाँगकाँगमध्ये झाला. नाव चॅन काँग-सांग. आईबाप चीनमधल्या यादवीत जीव वाचवून तिथे आलेले. हाँगकाँगमधल्या फ्रेंच वकिलाच्या बंगल्यावर बाप स्वयंपाकी होता आणि आई धुणेभांडी, झाडलोट करी. म्हणजे घर शहरातल्या सर्वांत श्रीमंत टेकडीवर, पण नोकरांच्या खोलीत. पोराचे शाळेत लक्ष लागेना, तो पहिल्याच वर्षी नापास झाला. अंगात मस्ती मात्र भरपूर. बापाला मग ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा येथील अमेरिकी वकिलातीत मुख्य स्वयंपाक्याचे काम मिळाले. पगार बरा होता, पण लेकराला बरोबर नेण्याची सोय नव्हती.

मग बापाने पोराला नाटकशाळेत घातले. ही शाळा बीजिंग ऑपेराची. आपल्याकडच्या तमाशातले गाणे-सोंग, डोंबाऱ्याच्या कोलांट्या आणि दांडपट्टा हे सगळे एकत्र केले तर त्या खेळाची थोडीफार कल्पना येईल. शाळेचे गुरू यू जिम-युएन. पोरगा सात वर्षांचा. पहिल्या भेटीत त्याने पाहिले की इथली मुले दिवसभर उड्या मारतात, तलवारी फिरवतात आणि गणिताचे नाव नाही. किती दिवस राहशील असे विचारल्यावर तो कायमचा राहीन म्हणाला, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. करार दहा वर्षांचा झाला. जेवण, कपडा, झोपायला जागा गुरूची, आणि त्या दहा वर्षांत मुलाने खेळ करून जे मिळवायचे तेही गुरूचे. शिस्तीसाठी गुरूने मारले आणि त्यात मुलाचे काही बरेवाईट झाले तर तक्रार नाही, असेही त्या कागदात होते, असे जॅकी सांगतो.

हा कागद वाचताना मला आपल्याकडची उचल आठवली. वाचकांपैकी ज्यांच्या घरात कोयता आहे त्यांना उचल काय ते सांगायला नको. इतर भागांतल्या वाचकांसाठी सांगतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम येतो आणि नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ पैसे देतो. त्या जोडीलाच आमच्याकडे एक कोयता म्हणतात. दिवाळीच्या आसपास मग ही जोडी ट्रकमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक अशी कुठेही जाते, आणि पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून ते पैसे फेडते. पैसे आधी खर्च झालेले असतात, घाम नंतर गाळायचा असतो. कागद झालेला असो वा नसो, बांधलेपण तेच. दोन्हीकडे कोणी दुष्ट होते असे मी म्हणत नाही. त्या स्वयंपाक्यापुढे दुसरी वाट नव्हती, आणि आमच्या शिरूर-पाटोद्याच्या जिरायत जमिनीवाल्यापुढेही बहुतेक वेळा नसते.

नाटकशाळेतला दिवस पहाटे पाचला सुरू होई आणि मध्यरात्रीपर्यंत चाले. पाय ताणणे, कमान टाकणे, कोलांट्या, भाला, तलवार, गाणे. हातांवर उलटे उभे राहायचे, तेही अर्धा-अर्धा तास. हात थरथरला की छडी. एकाने चूक केली की कधी कधी सगळ्यांना छडी. रात्री सगळ्यांनी एकाच दालनात जमिनीवर झोपायचे. लिहिण्या-वाचण्याला त्या दिवसात फारशी जागाच नव्हती. आई काही काळ हाँगकाँगमध्येच होती, पुढे तीही नवऱ्याकडे ऑस्ट्रेलियाला गेली. मग इतर पोरांच्या घरची माणसे येत तेव्हा हा एका बाजूला राही.

शाळेतल्या चांगल्या मुलांचा एक संच होता, त्याला ‘सात छोटे भाग्यवान’ अशा अर्थाचे नाव होते. त्यात सॅमो हंग हा थोरला, दांडगा. युएन बियाओ हा धाकटा, चपळ. हे तिघेही पुढे हाँगकाँगच्या सिनेमात मोठे झाले आणि त्यांनी एकत्र कामेही केली. मोठा झाल्यावर जॅकीने गुरूबद्दल कडू बोलल्याचे मी वाचले नाही. उलट जे काही आले ते तिथेच आले असे तो म्हणतो. पण त्याच तोंडाने तो हेही सांगतो की नीट लिहिता-वाचता न आल्याचे दुःख त्याला जन्मभर टोचले. मोठमोठ्या करारांवर सह्या करायच्या, पण कागदात काय आहे ते दुसऱ्याने वाचून दाखवायचे. तीन पिढ्या सातबारा दुसऱ्याकडून वाचून घेणारी घरे मी पाहिली आहेत. ते दुखणे मला नवे नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना होता आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी कामगंध सापळे कसे लावायचे ते दाखवायला मी एका गावी गेलो होतो. डिसेंबरात आमच्याकडे बैठकीला माणसे जमवणे म्हणजे दिव्यच. कर्ती माणसे फडावर, गावात म्हातारी आणि लहान लेकरे. पारावर सहा-सात आजोबा, दोन आज्या आणि पुढे दहा-बारा पोरे एवढा श्रोतृवर्ग. सापळा कसा काम करतो, मादीच्या वासाने नर पतंग कसा येऊन अडकतो, हे सांगितल्यावर आजोबा लोक मनापासून हसले. काम संपल्यावर एका आजीने चहाला घरी नेले.

अंगणात कडब्याचे बुचाड होते आणि त्याच्यावरून एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा खाली उड्या मारीत होता. उडी मारायची, लोळण घ्यायची, उठून एक पाय हवेत भिरकावायचा. आजी म्हणाली, “सायेब, तुमीच सांगा ह्याला. हातपाय मोडला तर ह्याच्या बापाला काय सांगू मी? मोबाइलवर त्यो एक माणूस बघतो अन् दिवसभर हेच.”

पोराने मोबाइल दाखवला. जॅकी चॅन शिडी घेऊन दहा जणांशी लढत होता. आजी माझ्या खांद्यावरून बघू लागली. थोड्या वेळाने तिने विचारले, “ह्यो पडतो तवा खरंच पडतो का?”

“खरंच पडतो, आजी.”

“मग ह्याला माय नव्हती का कुनी?”

मी तिला थोडक्यात सांगितले. बाप स्वयंपाकी, परदेशी गेला, पोराला सात वर्षांचा असताना शाळेत सोडला. आजी काही बोलली नाही. चुलीतले लाकूड मागे ओढले आणि कपबशी पुढे केली. पोरगा मात्र म्हणाला, “माझे पप्पा बी सांगलीला हायेत. पाडव्याला येणारेत.” आणि पुन्हा बुचाडावर चढला.

आता थोडे सिनेमाविषयी. जॅकी सतरा-अठराचा होऊन शाळेबाहेर पडला तोवर त्या जुन्या नाटकाला प्रेक्षक उरला नव्हता. सिनेमाने तो पळवला होता. आपल्याकडे तमाशाच्या फडांवर जी वेळ आली तीच. मग ही कसलेली पोरे सिनेमात पडायची कामे करू लागली. नायकाच्या जागी उडी मारायची, खलनायकाच्या जागी मार खायचा, संध्याकाळी रोजंदारी घ्यायची. १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’त ब्रूस लीच्या लाथेने उडून जाणारा माणूस खलनायकाच्या वेशातला जॅकी होता. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्येही तो ब्रूस लीकडून मार खाऊन क्षणात मरतो. त्याच वर्षी २० जुलैला ब्रूस ली वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी गेला, आणि हाँगकाँगचा मारामारीचा सिनेमा मालक गेलेल्या वाड्यासारखा झाला.

काम मिळेना तेव्हा जॅकी आईबापांकडे कॅनबेराला गेला आणि तिथे बांधकामावर मजुरी करू लागला. तिथल्या लोकांना त्याचे चिनी नाव उच्चारता येईना. ज्या जॅक नावाच्या गवंड्याबरोबर तो काम करी त्याच्यावरून लोक त्याला छोटा जॅक म्हणू लागले, त्याचे झाले जॅकी. जगभर गाजलेले हे नाव मुळात बांधकामावरच्या हजेरीतले आहे. १९७६ साली विली चॅन नावाच्या माणसाची तार आली की लो वेई हा दिग्दर्शक नवा ब्रूस ली शोधतो आहे, निघून ये. तो गेला. त्याला ड्रॅगन होणारा अशा अर्थाचे नवे पडद्यावरचे नाव मिळाले आणि ब्रूस लीसारखेच रागीट चेहरे करायला लावले. एकामागून एक सिनेमे पडले.

यात शेतकऱ्याने विचार करावा असे काही आहे. दुसऱ्याच्या रानात जोमाने आलेले वाण आपल्या जमिनीत तसेच येईल असे धरून चालणारे लोक मी दर हंगामात पाहतो. काळ्या जमिनीतले वाण मुरमाड माळावर नेऊन लावले तर ते खुजेच राहणार, त्यात वाणाचाही दोष नाही आणि माळाचाही नाही. जॅकीचे तसेच झाले. ब्रूस लीची रागाची, तडफेची जात वेगळी. ती या हसऱ्या पोरावर कलम करून लागेना.

१९७८ साली दुसऱ्या एका निर्मात्याने त्याला दोन सिनेमांसाठी मागून नेले. दिग्दर्शक युएन वू-पिंग, तोही त्याच मातीतला. पहिला सिनेमा ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’. यात जॅकी एका तालमीतला अनाथ झाडूवाला आहे. तिथले उस्ताद आणि चेले त्याला वाटेल तसे बडवतात. त्याला एक म्हातारा भिकारी भेटतो, तो निघतो मोठा गुरू. त्या म्हाताऱ्याचे काम दिग्दर्शकाच्या वडिलांनीच केले आहे. आणि पुढे हा पोरगा मांजर आणि नाग यांची झुंज पाहून स्वतःचे डाव बसवतो. कणगीच्या आडोशाला मांजराने नागाशी मांडलेला खेळ ज्याने डोळ्यांनी पाहिला आहे, त्याला ही कल्पना लगेच पटेल. त्याच वर्षी ‘ड्रंकन मास्टर’ आला आणि जॅकीचे नाव झाले. ब्रूस ली लाथ उंच मारायचा म्हणून मी खाली मारू लागलो, त्याला मारताना काही दुखायचे नाही म्हणून मी ठोसा मारला की हात झटकून विव्हळू लागलो, अशा अर्थाचे त्याने अनेकदा सांगितले आहे. दुसऱ्याला मारल्यावर आपलाही हात दुखतो ही साधी गोष्ट त्याच्या आधीच्या शूर नायकांनी कधी कबूल केलेली नव्हती.

नंतरची दहा वर्षे हा माणूस अक्षरशः पडत होता. १९८३ च्या ‘प्रोजेक्ट ए’मध्ये तो एका मनोऱ्याच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो आणि दोन कापडी छतांमधून आदळत जमिनीवर येतो. हा प्रसंग त्याला हॅरॉल्ड लॉइड या मूकपटातल्या नटाच्या १९२३ च्या सिनेमावरून सुचला. पण लॉइड लोंबकळला, हा पडला. काही दिवस तो वर चढून, हिंमत न झाल्याने परत उतरला. अखेर हात सुटेपर्यंत धरून राहायचे असे ठरवले, आणि हात सुटले. १९८५ च्या ‘पोलीस स्टोरी’त एका मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरून तो दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून घसरत खाली येतो. दिवे तापलेले होते, तळहात भाजले, पाठीला मार बसला. आणि १९८६ साली युगोस्लाव्हियात ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी तो भिंतीवरून झाडाच्या फांदीवर उडी घेताना पडला. त्याच्या हिशेबाने ही उडी किरकोळ होती. पहिल्यांदा ती नीट जमलीही होती, अजून बरी व्हावी म्हणून त्याने पुन्हा घेतली. फांदी मोडली आणि डोके दगडावर आपटले. कवटी फुटली, कानातून रक्त आले, तातडीने शस्त्रक्रिया झाली. एका कानाने त्याला तेव्हापासून कमी ऐकू येते.

किरकोळ उडी होती हे मला फार खरे वाटते. तुरीच्या हंगामात मळणी यंत्रात हात गेलेली माणसे मी पाहिली आहेत. पहिल्यांदाच यंत्रावर उभ्या राहिलेल्या भित्र्या माणसाचा हात सहसा जात नाही. तो दूर उभा राहतो. ज्याने वीस वर्षे पेंढ्या सोडल्या, जो यंत्राशी गप्पा मारत काम करतो, त्याचा जातो. तेही बहुतेक वेळा दिवसअखेरीस, शेवटच्या चार पेंढ्या उरलेल्या असताना.

या पडझडीबाबत जॅकीने एक नवी प्रथा पाडली. सिनेमा संपला, नावे वर सरकू लागली की बाजूला फसलेल्या उड्या दाखवायच्या. कोण कुठे आपटला, कोणाला उचलून नेले, जॅकी स्वतः पालथा पडून कण्हतो आहे, लोक पंख्याने वारा घालताहेत. १९८१ च्या ‘कॅननबॉल रन’ या अमेरिकी सिनेमात तो होता, तिथून त्याने ही कल्पना उचलली. त्या सिनेमात शेवटी नटांच्या हसऱ्या चुका दाखवल्या होत्या, याने जखमा दाखवल्या. पोरे सिनेमा संपला म्हणून उठत नाहीत, हा भाग पाहूनच उठतात.

मला हे फार आवडते आणि त्यामागे आमच्या धंद्याचे कारण आहे. आम्ही पीक प्रात्यक्षिके घेतो. जिथे पीक उत्तम आले तिथे पाटी लागते, शिवारफेरी निघते, फोटो निघतात. जिथे मर लागली, पाणी साचून मुळे कुजली, तिथे कोणी कोणाला नेत नाही. शेतकरी मात्र आडबाजूला हळूच विचारतो, “सायेब, फसलेलं रान कुठंय ते दाखवा की.” त्याला तेच पाहायचे असते, कारण त्याच्या मनातली भीती तिथे उभी असते. मी माझ्या परीने दोन-तीनदा असे फसलेल्या रानाचे फेरफटके काढले. गर्दी शिवारफेरीपेक्षा जास्त जमली आणि प्रश्न तर संपेनात.

जॅकीच्या अमेरिकेतल्या यशाबद्दल फार लिहीत नाही, ते सर्वांना ठाऊक आहे. १९८० साली तिकडे जाऊन हात पोळले, पुढे १९९५ चा ‘रंबल इन द ब्रॉन्क्स’ तिकडे चालला आणि १९९८ च्या ‘रश अवर’ने तो जगाचा झाला. ‘रंबल’च्या वेळी घोटा मोडला, तर प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून त्याने काम पुरे केले. आपल्या देशाशीही त्याचा संबंध आला. २००५ च्या ‘द मिथ’चे काही चित्रण हंपीला झाले आणि २०१७ साली सोनू सूदबरोबरचा ‘कुंग फू योगा’ घेऊन तो मुंबईला आला होता. २०१६ च्या नोव्हेंबरात त्याला मानाचे ऑस्कर मिळाले. पाच दशके हाडे मोडून घेतल्यावर.

मला अधिक सांगायचे आहे ते त्याच्या घरचे.

आई २००२ साली वारली. त्याच्या आसपास म्हाताऱ्या बापाने पोराला आपली जुनी हकीकत सांगितली. आपले खरे आडनाव चॅन नाही, फँग आहे. चीनमध्ये असताना आपण तिकडच्या जुन्या सरकारसाठी हेरगिरी केली होती. पहिली बायको वारली, तिचे दोन मुलगे मागे चीनमध्येच राहिले. आणि तुझ्या आईच्याही पहिल्या घरच्या दोन मुली तिकडेच राहिल्या. यावर २००३ साली एक माहितीपटही निघाला. पन्नाशीला आलेल्या, जगभर नाव झालेल्या माणसाला तेव्हा कळले की आपल्याला चार भावंडे आहेत आणि आपल्याआधी चार लेकरांना याच हातांनी मागे सोडावे लागले होते. युद्ध, उपासमार, सत्तापालट. माणसे जीव घेऊन पळाली, पाठीवर जेवढे मावले तेवढे घेतले.

हे वाचल्यावर मला सात वर्षांच्या पोराला नाटकशाळेच्या दारात सोडणारा तो स्वयंपाकी निराळाच दिसू लागला. त्याला ते दार नवे नव्हते.

पुढची गोष्ट जॅकीची स्वतःची. १९८२ साली त्याचे लग्न झाले आणि त्याच वर्षी मुलगा झाला. बाप दिवसरात्र कामावर. एकदा सवड मिळाली म्हणून तो मोठ्या हौसेने पोराला शाळेतून आणायला गेला. वाट पाहत उभा राहिला, पोरगा काही येईना. मग समजले की पोरगा प्राथमिक शाळा संपवून केव्हाच मोठ्या शाळेत गेला आहे. ही गोष्ट त्याने स्वतःच सांगितली आहे. १९९९ साली त्याचे बाहेरचे संबंध आणि त्यातून झालेली मुलगी हेही जगासमोर आले आणि तिथेही त्याने बापपण निभावले नाही. त्यात मी त्याची बाजू घेणार नाही. २०१४ साली मुलाला बीजिंगमध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली. बाप २००९ पासून चीनचा अमली पदार्थविरोधी सदिच्छादूत होता. पुढे मुलाला सहा महिन्यांची कैद झाली. बापाने लोकांची जाहीर माफी मागितली.

नाटकशाळेत सोडलेल्या पोराचा राग त्या पोराने पुढे कोणावर काढला नाही. पण बाप घरात असला म्हणजे काय करतो, हे त्याने कधी पाहिलेलेच नव्हते. हे माझे अनुमान, पुस्तकात लिहिलेले नाही.

त्या बुचाडावरच्या पोराच्या बापाचा मागल्या दिवाळीत मला फोन आला. “सायेब, जरा इचारायचं होतं.” जिल्ह्याच्या ठिकाणी कराटे शिकवणारी एक निवासी शाळा निघाली आहे, तिची रंगीत पत्रके गावात वाटली होती. पोरगा हट्टाला पेटला होता. फी मोठी, म्हणजे मुकादमाकडून आणखी उचल घ्यावी लागणार. बाप म्हणाला, “तिथं राहील, खाईल, शिकंल. म्हातारी आता थकली. आमी तरी कुठं हावं इथं?”

मी शिक्षक नाही, कराटेतले मला ओ की ठो कळत नाही. पण नाही म्हणून फोन ठेवणेही बरे दिसेना. मी म्हटले, पैसे देण्याआधी एक दिवस जाऊन ये, पत्रकावर जाऊ नको. पोरे कुठे झोपतात ते बघ. मास्तर नसताना पोरांना विचार की मार पडतो का. सकाळी-संध्याकाळी व्यायाम ठीक, पण मधल्या वेळात लिहायला-वाचायला कोण शिकवते आणि किती तास, ते नक्की विचार. पंधरवड्याला म्हातारीला भेटू देतात का तेही. आणि मग त्याला जॅकी चॅनचे लिहिता-वाचता न येण्याचे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, “मलाबी उचलीच्या कागदावर काय लिवलंय ते मुकादमच वाचून दावतो.”

तो आणि म्हातारी दोघे जाऊन आले. निर्णय म्हातारीने घेतला, आणि कशावरून घेतला तर तिथली पोरे तिच्याशी डोळे वर करून बोलेनात, यावरून. पोरगा गावातच राहिला, हंगामी वसतिगृहात जेवतो, आजीकडे झोपतो. संध्याकाळी गावातले एक जुने पैलवान पाच-सात पोरांना मारुतीच्या देवळामागे जोर-बैठका शिकवतात, तिथे जातो. बुचाडावरून उड्या चालूच आहेत, फक्त खाली आता भूस पसरलेला असतो.

यंदा त्याला मी जॅकीचा ‘राइड ऑन’ हा सिनेमा दाखवला, २०२३ चा. जॅकी आता सत्तरीच्या पुढे गेला आहे. सिनेमात तो काम नसलेला म्हातारा उडीवाला आहे आणि त्याच्याजवळ एक घोडा आहे. घोडा कर्जाच्या भानगडीत सापडतो, वसुलीवाले तो न्यायला येतात. म्हाताऱ्याची मुलगी वकिलीचे शिकते. बाप कधी घरी नव्हता म्हणून ती त्याच्याशी धड बोलत नाही, आणि आता घोडा वाचवायला त्याला तिच्याचकडे जावे लागते. मध्येच दोघे बापलेक बसून जुन्या उड्यांची चित्रे पाहतात. ती चित्रे जॅकीच्या खऱ्या सिनेमांतली आहेत. घड्याळाचा मनोरा, दिव्यांचा खांब, सगळे. मुलगी रडते.

आजीही शेजारी बसली होती. तिला मारामारीचे काही नव्हते. घोडा नेतात त्या प्रसंगाला ती उठून बसली आणि म्हणाली, “आमचा ढवळ्या असाच नेला होता सोसायटीच्या वसुलीत. वासरू असल्यापासून माझ्या हातचा.” पोराने सिनेमा तिथेच थांबवला आणि विचारले, “कवा गं आज्जी? मला न्हाई सांगितलं कधी.” मग मोबाइल बाजूला पडला आणि ती ढवळ्याचे सांगत बसली. माझी शेवटची एसटी साडेसहाची होती, म्हणून मी उठलो.